"दिसत नाई त कॉम्प्युटर काय शिकणार" वाल्या मेसेजले उत्तर

आपल्या यवतमाळकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की न दिसणाऱ्या पोरांले कॉम्प्युटर शिकवणं म्हणजे वेळ न् पैसा वाया, त्यांले माउसचा बाण दिसत नाई, सॉफ्टवेअर लय महाग येते, सगळं इंग्रजीत असते, आणि आता मोबाईलशी बोललं की काम होते मंग कॉम्प्युटर कायले पाहिजे. मी अशा पोरांले शिकवतो, म्हणून लिहून राहिलो.

माउसचं पहिले. माउस लागतच नाई भाऊ. कीबोर्डवर एफ आणि जे या बटनांवर बारीक उंचवटा असते, अंगठ्याजवळची बोटं तिथं ठेवली की बाकी बटनं हाताले सापडतात. टॅबनं पुढं, शिफ्ट-टॅबनं मागं, ऑल्ट-टॅबनं दुसऱ्या प्रोग्रामात, आणि जिथं पोचलं तिथं काय आहे, बटन की लिंक, टिक केलेली की नाई, ते स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बोलून सांगते. वेबपेजवर एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की लिंक. एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरमधी इन्सर्ट आणि 1 दाबलं की मंग कोणतंही बटन दाबा, काई उघडत नाई न् काई बिघडत नाई, फक्त त्या बटनाचं नाव ऐकू येते, सुरुवातीले पोरांनी एवढंच करत बसावं असं माहं स्पष्ट मत आहे. खरं म्हणजे पोरगं अडते ते आपल्यापायी, त्याले जरा वेळ लागला की आपण माउस हातात घेतो, "थांब, मी करून देतो," आन त्याले समजतच नाई आपण कुठं होतो न् आता कुठं आलो.

महाग म्हणान त जॉज नावाचा स्क्रीन रीडर महाग आहे, मान्य. पण एनव्हीडीए फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं 2006 मध्ये ते सुरू केलं, पेनड्राइव्हवरूनही चालते. विंडोजमधी त नॅरेटर नावाचा स्क्रीन रीडर आधीच असते, विंडोज-कंट्रोल-एंटर दाबून पाहा, आत्ताच बोलायले लागन.

इंग्रजीचं म्हणान त एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक नावाचा कॉम्प्युटरचा आवाज मराठी वाचते. आवाज पत्र्यावानी वाटते, पण कान बसतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमधी के च्या बटनावर क आहे, मराठी टायपिंगही होते.

अडचणी नाईत असं मी म्हणत नाई. चित्रातली अक्षरं ओळखून टाका लागतात तो कॅप्चा, फोटोवानी स्कॅन करून टाकलेले जीआर, नाव नसलेली बटनं, इथं पोरं खरंच अटकतात, पण तो दोष वेबसाइट बनवणाऱ्याचा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे सगळ्यांले वापरता आलं पाहिजे असं आहे.

आता मोबाईल. पैसे पाठवाले, व्हॉट्सॲपले चांगला. पण लांब अर्ज, एक्सेलचे रकाने, वर्डमधलं उत्तर बोलून किती दुरुस्त करान? परीक्षेत शक्यतो कॉम्प्युटरवर लिहायचा पर्याय द्या असं केंद्र सरकारनं 2018 च्या सूचनांत सांगितलं होतं, पण तो पर्याय निवडाले पोराचा हात आधीपासून कीबोर्डवर बसलेला पाहिजे, आणि ते आठवी-नववीतच सुरू करा लागते.