फुकटची नाणी, विकतची वीज: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरच्या संगणकावर क्रिप्टो मायनिंग करून (म्हणजे संगणकाला आकडेमोडीला जुंपून आणि त्याबदल्यात आभासी चलन मिळवून) गेममधली नाणी कमावण्याबद्दलच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. चांगली खरमरीत आहे आणि मुद्देसूदही, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमच्या मते लेख विनाकारण घाबरवणारा आहे. तुमच्या चुलतभावानं २०२१ मध्ये याच मार्गानं स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं वॉलेट भरून गेम घेतले. तुमच्याकडे रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एक्सएमरिग या मायनिंगच्या सॉफ्टवेअरवर मोनेरो या आभासी चलनाचे ४.५ किलोहॅश (सेकंदाला साडेचार हजार आकडेमोडी) मिळतात. संगणक तसाही चालूच असतो, म्हणजे मिळेल ते फुकटच. मायनिंगनं कार्ड जळतं ही अफवा. आणि अँटीव्हायरस मायनर पकडतो तो केवळ अतिशहाणपणा.

कार्डाचं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 'कार्डाचं आयुष्य संपतं' असं सरसकट लिहायला नको होतं, ते वाक्य दुरुस्त केलं आहे. एकसारख्या भारावर, कमी व्होल्टेजवर चालणारी चिप सहसा मरत नाही. मरतात त्या भोवतालच्या गोष्टी. पंख्याचं बेअरिंग झिजतं, थर्मल पेस्ट वाळते, मेमरीवरचे थर्मल पॅड तेल सोडून कडक होतात. जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांवर फसगत व्हायची ती अशी: चिप ६० अंशांवर निवांत दिसायची आणि मेमरी ११० ला टेकून वेग कापत असायची. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'मेमरी जंक्शन' हा वेगळा आकडा बघितल्याशिवाय ते कळत नसे. लॅपटॉपबद्दल मात्र शब्द मागे घेत नाही. चार्जरला लावलेली, सतत १०० टक्क्यांवर असलेली बॅटरी आणि तिच्या शेजारी दिवसरात्र तापणारा प्रोसेसर, यातून बॅटरी फुगते आणि टचपॅड वर उचलला जातो.

आता चुलतभाऊ. त्यांचा अनुभव खोटा नाही, जुना आहे. २०२१ मध्ये इथेरियमचं मायनिंग ग्राफिक्स कार्डावर चालायचं. लिमिटर (मायनिंगचा वेग कापणारी मर्यादा) नसलेलं आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड नीट बसवलं की साधारण ६० मेगाहॅश द्यायचं, सव्वाशे वॅटच्या आसपास वीज खायचं आणि भाव चढलेले असताना दिवसाला काही डॉलर सुटायचे. दिवसाची तीन युनिटं वजा जाऊनही हातात पैसे उरत. त्या काळात सॅलडसारखी ॲप्स हा सगळा खटाटोप पडद्याआड ठेवून थेट गिफ्ट कार्डं देत होती आणि गेम खेळणाऱ्यांना ते परवडतही होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम प्रूफ ऑफ स्टेक या मायनिंग न लागणाऱ्या पद्धतीवर गेलं आणि ही मिळकत एका दिवसात शून्य झाली. बेकार झालेली कार्डं रेव्हनकॉइन, अर्गो, इथेरियम क्लासिक या दुसऱ्या आभासी चलनांकडे धावली. तिथला रोजचा हिस्सा ठरलेला आणि खाणारी तोंडं अचानक कैक पटींनी वाढलेली, त्यामुळे तिथलंही उत्पन्न कोसळलं. यूट्यूबवरचे 'झोपेत कमवा' छापाचे बरेच व्हिडिओ त्याआधीचे आहेत. तारीख बघून मगच बघावेत.

आता तुमचे ४.५ किलोहॅश. मोनेरोत दर दोन मिनिटांना एक ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा), म्हणजे दिवसाला ७२० ब्लॉक. जून २०२२ पासून प्रत्येक ब्लॉकला ०.६ मोनेरो ठरलेले आहेत, म्हणजे जगभरच्या सगळ्या मायनरांत मिळून रोज ४३२ मोनेरो वाटले जातात. तुमचा वाटा म्हणजे तुमचा हॅशरेट (आकडेमोडीचा वेग) भागिले नेटवर्कचा हॅशरेट. नेटवर्क ५ गिगाहॅश धरू. ४५०० भागिले ५ अब्ज, गुणिले ४३२, उत्तर ०.०००३९ मोनेरो रोज. एका मोनेरोचा भाव २५,००० रुपये धरला तर पावणेदहा रुपये. महिन्याचे २९० च्या आसपास. भाव आणि नेटवर्क हे दोन आकडे आजचे टाकून स्वतः करून बघा, सूत्र तेच राहतं.

'माझ्या मित्राचा ५६०० सात किलोहॅश देतो, माझा का नाही' असंही तुम्ही विचारलंय. तो 'जी' महागात पडतो. मोनेरोच्या रँडमएक्स या आकडेमोडीच्या पद्धतीला प्रत्येक थ्रेडमागे (एका वेळी चालणाऱ्या कामामागे) २ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधली जलद मेमरी, लागते. साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी आहे, बाराही थ्रेड आरामात मावतात. ५६००जी मध्ये १६ एमबीच, म्हणजे आठ थ्रेड. कॉन्फिगमध्ये हट्टानं बारा लिहिले तर चार जणांची कॅशसाठी ओढाताण होते, वेग फारसा वाढत नाही, वॅट तेवढे वाढतात. शिवाय याला साधारण २ जीबीचा डेटासेट रॅममध्ये ठेवून तो सारखा इकडून तिकडून वाचावा लागतो. तुमच्याकडे ८ जीबीची एकच पट्टी असेल तर दोन चॅनेल चालू होण्यासाठी तशीच दुसरी बसवा. सुरू होताना एक्सएमरिग ह्यूज पेजेस (मेमरीचे मोठे सलग भाग) किती टक्के मिळाली ते दाखवतो. तिथे १०० टक्के नसेल तर विंडोजमध्ये 'लॉक पेजेस इन मेमरी' हा अधिकार मिळालेला नाही, किंवा संगणक बराच वेळ चालू राहून मेमरीचे तुकडे पडलेत. रीस्टार्ट करून सगळ्यात आधी मायनर उघडा. आणि बायोसमध्ये प्रोसेसरची मर्यादा ४५ वॅटवर आणून बघा: हॅश थोडा उतरेल, वीज त्याहून जास्त.

खर्चाची बाजू. टास्क मॅनेजर किंवा एखादं सॉफ्टवेअर दाखवतं ते वॅट फक्त प्रोसेसरचे असतात. एसएमपीएसमधली (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातली) गळती, मदरबोर्ड, पंखे, रॅम त्यात नाही. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर नसेल तरी अडत नाही, घराच्या वीजमीटरवर लाल दिवा लुकलुकतो तो बघा. शेजारी '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असं काहीतरी छापलेलं असतं, काहींवर १६०० असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रिजसकट बाकी सगळे एमसीबी पाडा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा (त्याची बॅटरी चार्ज होत असली तर सगळा हिशेब बिघडतो), संगणकावर मायनिंग सुरू करून पाच मिनिटं जाऊ द्या आणि दहा मिनिटं मोजा. ४८ वेळा लुकलुकला तर तासाला २८८, भागिले ३२००, म्हणजे ०.०९ युनिट. तुमचा संगणक ९० वॅट घेतोय. मग मायनर बंद करून नुसता डेस्कटॉप उघडा ठेवून पुन्हा दहा मिनिटं. १६ वेळा आला तर ३० वॅट. तुमच्यासारख्या यंत्रावर याच्या आगेमागेच आकडे येतील.

आता या आकड्यांवर तुमचा 'तसाही चालूच असतो' हा मुद्दा तोलून बघू, तोही तुमच्याच बाजूनं. फक्त जादाचे ६० वॅट धरले तरी चोवीस तासांत १.४४ युनिट. मिळकत पावणेदहा रुपये. म्हणजे युनिट पावणेसात रुपयांच्या आत पडलं तरच बरोबरी. आणि केवळ मायनिंगसाठी रात्रभर चालू ठेवत असाल तर पूर्ण ९० वॅट मोजायला हवेत, मग बरोबरीचा दर साडेचार रुपयांवर येतो.

इथे सगळेच एक चूक करतात. बिलाची रक्कम भागिले युनिटं करून सरासरी काढतात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी चढतात. पहिली स्वस्त १०० युनिटं तुमच्या फ्रिजनं आणि पंख्यांनी कधीच खाऊन टाकली आहेत. मायनिंगची युनिटं सगळ्यात वर रचली जातात, म्हणून त्यांना शेवटच्या पायरीचा दर लागतो. घरचा वापर २७० असेल आणि मायनिंगची (पूर्ण ९० वॅट, महिनाभर) ६५ आली, तर त्यातली ३५ थेट ३०१ ते ५०० मध्ये जाऊन बसतात. त्या पायरीचा वीज आकार, अधिक वहन आकार, अधिक इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार यात धरायचा नाही, तो मायनिंग न करताही भरायचाच आहे. ही बेरीज पावणेसातच्या, किंवा पूर्ण ९० वॅट मोजत असाल तर साडेचारच्या, आत बसते का, ते बिलाची मागची बाजू बघून ठरवा. मी सौम्यपणे १२ रुपये धरले तरी ६५ युनिटांचे ७८० होतात, २९० मिळवण्यासाठी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेच ७८० रुपये यूपीआयनं सरळ गेममध्ये भरले तर अडीचपटीहून जास्त नाणी हातात पडतात, तीही त्याच मिनिटाला.

उन्हाळ्यात यात भर पडते. ९० वॅट खाणारा संगणक म्हणजे खोलीतला ९० वॅटचा हीटर. एसी चालू असेल तर ती उष्णता बाहेर फेकायला साधारण तिच्या एक तृतीयांश वीज आणखी लागते. जळगाव-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर एसीशिवाय प्रोसेसरला घाम पुसायलाही जागा उरत नाही.

अँटीव्हायरसच्या मुद्द्यावर मात्र मी अजिबात हलणार नाही. एक्सएमरिग स्वतः विषाणू नाही, मान्य. विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर ते पकडतो कारण घुसखोर हेच सॉफ्टवेअर लोकांच्या संगणकात लपवतात. पण दुसरंही कारण आहे आणि ते खरं आहे: हॅश थोडा वाढवण्यासाठी एक्सएमरिग प्रोसेसरच्या एमएसआर रजिस्टरमध्ये (आतल्या सेटिंगच्या जागेत) बदल करतो आणि त्यासाठी 'विनरिंग झिरो' नावाचा ड्रायव्हर वापरतो. त्या ड्रायव्हरमधली पळवाट जगजाहीर आहे. तो बसवलेला असला की साध्या प्रोग्रॅमलाही विंडोजच्या गाभ्यापर्यंत हात घालता येतो. व्हॅलोरंट या गेमच्या व्हॅनगार्डसारखी अँटी-चीट, म्हणजे गेममधली फसवेगिरी रोखणारी सॉफ्टवेअर, असे कमकुवत ड्रायव्हर अडवतात. म्हणजे ज्या गेमच्या नाण्यांसाठी हा उद्योग, तोच गेम उघडायला नकार देऊ शकतो. कॉन्फिगमध्ये एमएसआरचा पर्याय बंद करता येतो. थोडा वेग जाईल, जाऊ द्या.

करायचंच असेल तर या क्रमानं. फाइल मूळ प्रकल्पाच्या गिटहब पानावरूनच घ्या. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश चालवून आलेली लांबलचक ओळ तिथे छापलेल्या एसएचए-२५६ शी (फाइलच्या ठशाशी) अक्षरन् अक्षर जुळवा. मग त्या एकाच फोल्डरला डिफेंडरमधून सूट द्या, संपूर्ण संरक्षण बंद करू नका. कॉन्फिगमध्ये 'यूझर'पुढे तुमचाच वॉलेट पत्ता आहे ना, ते बघा. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर फिरणाऱ्या 'तयार' झिप फायलींत तो भलत्याचाच असतो आणि तुम्ही त्याच्यासाठी राबत राहता. 'फ्री रोबक्स मायनर' (रोबक्स म्हणजे रोब्लॉक्स गेममधली नाणी) नावाच्या फायलींत तर मायनिंगही दुय्यम, त्यांना तुमच्या ब्राउझरमधली स्टीमची आणि डिस्कॉर्डची लॉगिन सत्रं हवी असतात. आधीच असं काही घुसलं असेल तर एक खूण: संगणकाचा पंखा घोंघावतोय, तुम्ही टास्क मॅनेजर उघडता आणि दोन सेकंदांत पंखा शांत होतो. बरेच छुपे मायनर टास्क मॅनेजर दिसताच दबा धरून बसतात. मग टास्क शेड्यूलरमध्ये अनोळखी नावं शोधा.

गेम आणि मायनिंग यांच्या सोयरिकीत पैसा कुणाकडे जातो, हे तुम्ही तिरकसपणे विचारलंय. दोन दाखले देतो. २०१३ मध्ये ईएसईए या काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धासेवेच्या सॉफ्टवेअरमध्ये बिटकॉइन मायनर लपवलेला सापडला. सुमारे १४,००० संगणक जुंपले गेले आणि त्यातून निघाले साधारण ३,७०० डॉलर. भागाकार केला तर संगणकामागे २६ सेंट. पुढे न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलशी तडजोड झाली ती दहा लाख डॉलरची. दुसरा दाखला उघड व्यवहाराचा. २०१७ मध्ये आलेल्या कॉइनहाइव्हनं संकेतस्थळांना सुचवलं होतं की जाहिरातींऐवजी पाहुण्यांच्या ब्राउझरमध्ये मोनेरो मायनिंग करा आणि बदल्यात त्यांना गेममधली नाणी द्या. कमाईतले ३० टक्के कॉइनहाइव्ह ठेवायचं, ७० संकेतस्थळाला. त्या ७० मधून खेळणाऱ्याला किती नाणी द्यायची ते संकेतस्थळवाला ठरवणार. वीज खेळणाऱ्याची. मार्च २०१९ मध्ये तो धंदा बंद झाला. मायनिंगच्या बदल्यात पॉइंट देणाऱ्या ज्या ॲपचं तुम्ही प्रतिक्रियेत कौतुक केलंय त्याचं गणितही असंच मांडा: हजार हॅशला मूळ नाणं किती आणि त्यांचे पॉइंट किती.

कराबद्दल तुमची एक दुरुस्ती मान्य. गिफ्ट कार्ड आणि रिवॉर्ड पॉइंट यांना ३० जून २०२२ च्या अधिसूचनेनं आभासी डिजिटल मालमत्तेतून वगळलेलं आहे, त्यामुळे ॲपनं थेट पॉइंट दिले तर अशा मालमत्तेवरचा ३० टक्क्यांचा कर त्यांना लागत नाही. मोनेरो स्वतःच्या वॉलेटमध्ये घेऊन विकलात तर लागतो, वर ४ टक्के उपकर. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च त्यातून वजा होत नाही, हे सरकारनं मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं आहे. शिवाय मोनेरो मोठ्या एक्स्चेंजवर विकणंही सोपं राहिलेलं नाही. बायनान्सनं फेब्रुवारी २०२४ मध्ये ते काढून टाकलं. आधी दुसऱ्या नाण्यात बदला, मग विका, दोन्हीकडे शुल्क. पूलची (एकत्र मायनिंग करून मिळकत वाटून घेणाऱ्या गटाची) पैसे देण्याची किमान रक्कम ०.०१ मोनेरो असेल तर तुमच्या वेगानं पहिला हप्ता यायला पंचवीस-सव्वीस दिवस लागतील.

छतावर सोलर असेल, दिवसा वीज उरत असेल आणि मार्चअखेर उरलेल्या युनिटांना किरकोळ भाव मिळत असेल, तर दुपारी मायनर चालवण्याला माझा विरोध नाही. तिथे हिशेब खरोखर तुमच्या बाजूनं वळू शकतो. तुमच्याकडे सोलर आहे का, ते प्रतिक्रियेत लिहिलेलं नाही.

तर खाली चार आकडे टाका: दहा मिनिटांत दिवा मायनिंगसह किती वेळा लुकलुकला, मायनिंगशिवाय किती, मीटरवर छापलेला इम्पचा आकडा आणि गेल्या बिलातली युनिटं. तुमचा संपूर्ण हिशेब इथेच मांडतो, आणि माझा अंदाज चुकला तर तसंही लिहितो.