आम्ही बातमीवर ठाम आहोत

वीसेक वर्षांपूर्वी मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होतो. एका पतसंस्थेची भानगड पहिल्या पानावर ठळक लागली. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष कागदांनी भरलेली पिशवी घेऊन हजर. आमचा वार्ताहर खूश! "बघा, झोंबलं. म्हणजे बातमी पक्की." पिशवी कुणी उघडलीच नाही. खुलासा छापला अकरा दिवसांनी, पान सातवर, निविदांच्या खाली.

'द वायर' या वृत्तसंकेतस्थळाचं मेटा (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) प्रकरण वाचताना तेच 'झोंबलं' आठवत राहिलं.

10 ऑक्टोबर 2022 ची बातमी. भाजप आयटी सेलचे अमित मालवीय यांना इन्स्टाग्रामवर म्हणे असा खास अधिकार होता, की त्यांनी तक्रार करताच पोस्ट उडते. मेटाने इन्कार केला. आता शोधपत्रकाराच्या लेखी इन्काराची किंमत शून्य, कारण ज्याच्यावर आरोप तो नाकारणारच. एरवी ही सवय कामाची असते, पण इथे तिनेच घात केला. मेटाच्या अधिकाऱ्याचा म्हणून एक संतापलेला ईमेल छापला गेला. मग तो अस्सल असल्याचा व्हिडिओ, मग तज्ज्ञांचे दाखले. तज्ज्ञ म्हणाले, आम्ही काही तपासलेलंच नाही. मेटाने सांगितलं, व्हिडिओत आमचं अंतर्गत म्हणून दाखवलेलं खातं बाहेरच्या कुणीतरी 13 ऑक्टोबरला उघडलेलं फुकटचं चाचणी खातं आहे. बातमी 10 ची, खातं 13 चं!

23 ऑक्टोबरला बातम्या मागे घेतल्या.

वायरने एवढं का ताणलं? अहंकार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तो असतोच, मीही काही संत नव्हतो. पण एक बातमी मागे घेतली की त्याच हाताच्या जुन्या बातम्यांकडेही बोटं वळतात. जानेवारीत गाजलेली 'टेक फॉग' मालिकाही (भाजपसाठी समाजमाध्यमांवर हेराफेरी करणाऱ्या कथित ॲपवरची) वायरला वाचकांसमोरून काढावी लागली. आणि माघारीनंतर आठ दिवसांनी, 31 ऑक्टोबरला, दिल्ली पोलिस संपादकांच्या घरी झडतीला गेले, फोन-लॅपटॉप घेऊन आले. चुकीची बातमी रेटणं वाईटच, पण हे पाहून दुसरा कुठला संपादक लवकर चूक कबूल करेल?

मला जास्त खटकतं ते वेगळंच. शंका आली की फेरतपासणी बातमी आणणाऱ्याकडेच जाते. वायरमध्येही नवे पुरावे आले ते मुख्यतः त्याच सहकाऱ्याकडून.

आमचा पान सातवरचा खुलासाही त्याच वार्ताहराने लिहिला होता. सुरुवात होती, "संबंधितांच्या भावना दुखावल्या असल्यास..."