जुन्या घरावर जीएसटी? नाही!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय: ‘जुनं घर घेतलं की जीएसटी भरा; त्यापेक्षा प्लॉट घेऊन बांधा.’ हे चुकीचं आहे. जुन्या घराच्या फेरविक्रीवर जीएसटी नाहीच. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या नव्या घरावरही नाही. तो लागतो बिल्डरकडच्या चालू बांधकामातल्या फ्लॅटवर: ५ टक्के, परवडणाऱ्या घरांना १.

उलट स्वतः बांधणाराच कर भरतो! सळईवर १८ टक्के. सिमेंटवर आधी २८ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८. दुकानदाराच्या बिलात मुरलेला असतो, म्हणून टोचत नाही इतकंच.

मुद्रांक शुल्क मात्र प्लॉटलाही चुकत नाही. आणि वडगावातलं घर असो की खानापूर रस्त्यावरचा प्लॉट, नुसत्या बॉन्डवर, म्हणजे नोंदणी न केलेल्या स्टॅम्प पेपरवरच्या करारावर, व्यवहार नको.