आमच्या आजींचे गुडघे ठणठणीत आहेत

आज सकाळी मिरजेत स्टँडजवळ रिक्षातून उतरले, तर समोरच्या फ्लेक्सवर आमच्या शेजारच्या आजी. दहा फुटी! बाजूला लाल अक्षरांत 'गुडघेदुखीने हैराण?' आणि खाली तेलाची बाटली.

तो फोटो मी काढलाय. तीन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, आमच्या गच्चीवर. जुन्या साडीवर कुरडया घातलेल्या, आजी सोऱ्या बाजूला ठेवून उठत होत्या, एक हात गुडघ्यावर. तेवढ्यात कावळा आला. त्याला शिवी हासडताना आजींचं तोंड जे वाकडं झालं, तो हा क्षण. दुखतंय कुठलं, कावळ्यावर चिडल्यात त्या!

फ्लेक्सवरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा बाबा गार आवाजात म्हणतो, "मॅडम, फुकटचा फोटो आहे. साइटवरनं घेतलाय."

इथे माझी बोलती बंद. साइटवर टाकला कुणी? मीच.

का टाकला तेही सांगते. पंधरा वर्षं डीटीपी करतेय. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, क्लासची पत्रकं. फुकट फोटोंच्या साइटवर 'भारतीय शेतकरी' शोधा, पुढ्यात राजस्थानी पगडी. 'भारतीय लग्न' शोधा, लेहंगेच लेहंगे. मुंडावळ्या शोधता शोधता डोळे दुखतात. म्हटलं, आपलं कुणी टाकतच नाही तर दिसणार कुठून? म्हणून कुरडयांचे सात-आठ फोटो टाकले. त्यातलाच हा कावळेवाला.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या फुकट फोटोंच्या साइट मीही रोज वापरते, खोटं कशाला बोलू? पैसे नाहीत, धंद्यासाठी चालतं, फोटोग्राफरचं नाव द्यायचीही सक्ती नाही. पण पेक्सेल्सच्या नियमांत साफ लिहिलंय की फोटोतली माणसं तुमच्या मालाची भलामण करतायत असं भासवू नका. वाचतो कोण! फोटो काढणारीने परवानगी दिली म्हणजे फोटोतल्या बाईनेही दिली, असं सगळे धरून चालतात.

त्यातल्या त्यात हा माणूस बरा म्हणायचा, निदान साइटवर तरी गेला. माझी अर्धी गिऱ्हाईकं म्हणतात, "गूगलवरनं घ्या की." गूगल काय गावची विहीर आहे? आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, फोटोवर काढणाऱ्याचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतरही ६० वर्षं राहतो. गूगलच्या इमेज सर्चमध्ये 'टूल्स' दाबलं की वापराच्या हक्कांची चाळणी लावता येते, दोन क्लिकचं काम. विकिमीडिया कॉमन्स या फुकट फोटोंच्या भांडारात किल्ले, देवळं, लेणी सगळं मिळतं, बहुतेक ठिकाणी फोटोखाली नाव आणि परवाना लिहायचा एवढंच. ती एक ओळ लिहायलाही लोकांच्या जिवावर येतं! मागे एका संस्थेने अहवालासाठी फोटो पाठवला, त्यावर विकणाऱ्या कंपनीचं नाव आडवं छापलेलं. निरोप काय, तर "तेवढं पुसून घ्या." मी पुसलं नाही. काम गेलं.

बरं, पाचशे रुपयांचं पत्रक काढणाऱ्याने फोटोला हजारो मोजावेत असं मी म्हणत नाही. परवडत नाही, मान्य. पण मग मोबाइल आहे ना खिशात? स्वतःच्या आजीचा काढा. तिला विचारून.

हे टाइप केलं आणि हात थांबला. मी तरी कुठे विचारलं होतं? फोटो काढताना आजी हसल्या होत्या एवढंच. तो जगभर कुणालाही वापरायला देतेय, हे सांगायचं सुचलंही नाही. तेलवाल्यावर दुपारभर तडतडत होते, तो राग आता निम्म्यावर आलाय.

संध्याकाळी आजींकडे गेले, सगळं सांगितलं. म्हटलं आता बोलणी बसणार. चष्मा लावून त्यांनी माझ्या मोबाइलमधला फ्लेक्स नीट बघितला.

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीया?"

मग थोडं थांबून, "आधी सांगितलं असतंस तर चांगलं लुगडं तरी नेसले असते की गं."

साइटवरचा फोटो आत्ता काढून टाकला. ज्यांनी आधीच उतरवून घेतलाय त्यांचं काही करता येत नाही. तेलवाल्याला उद्या परत फोन करणार आहे, फ्लेक्स उतरवायला. पण त्याआधी मिरजेला जाऊन त्याचा नीट, सरळ उभं राहून फोटो काढायचाय. आजींना पुण्याच्या नातवाला पाठवायचाय.