देशी की परदेशी, हा प्रश्नच चुकतोय

भारतीय महिला फुटबॉल संघाचा प्रशिक्षक देशी असावा की परदेशी, हा वाद प्रत्येक नेमणुकीला नव्याने पेटतो. परदेशी हवा म्हणणारे हटकून सरिना वीगमन यांचं नाव घेतात. बाई नेदरलँड्सच्या, पण इंग्लंडला 2022 आणि 2025 असे लागोपाठ दोन युरो, म्हणजे युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धा, जिंकून दिले. इथे इंग्लंडमधून पाहताना मात्र त्या नावामागचं वेगळंच काही नजरेत भरतं.

2007 साली नेदरलँड्समध्ये महिलांची लीग सुरू झाली. त्याच वर्षी वीगमन शाळेतली खेळशिक्षिकेची नोकरी सोडून एडीओ डेन हाग क्लबच्या प्रशिक्षक झाल्या. सात वर्षं क्लब, 2014 पासून राष्ट्रीय संघात साहाय्यक, जानेवारी 2017 मध्ये मुख्य प्रशिक्षक. आणि त्याच उन्हाळ्यात युरो जिंकला. सगळे त्या सहा महिन्यांबद्दल बोलतात. पाया आधीच्या दहा वर्षांत भरला गेला होता.

आपल्याकडे गोव्याच्या मेमोल रॉकी 2017 पासून प्रशिक्षक होत्या. त्यांच्या काळात संघ ऑलिंपिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत प्रथमच पोचला आणि 2019 मध्ये दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकला. जुलै 2021 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतरच्या चार वर्षांत थॉमस डेनर्बी, सुरेन छेत्री, चाओबा देवी, संतोष कश्यप, योआकिम अलेक्झांडरसन आणि क्रिस्पिन छेत्री असे सहा जण त्या खुर्चीवर आले. यातल्या डेनर्बींनी 2011 च्या विश्वचषकात स्वीडनला तिसरं स्थान मिळवून दिलं होतं. म्हणजे तोलामोलाचा परदेशी माणूस आपण आणून पाहिला आहे.

अडतं ते लीगपाशी. इंग्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी खेळाडू साधारण दहा दिवस मिळतात. त्यात दोन सामने, प्रवास आणि विश्रांती वजा केली तर खरा सराव चार-पाच दिवसांचा. तेवढ्यात भागतं, कारण मुली क्लबकडून मोसमात लीगचेच वीसहून अधिक सामने खेळून येतात, दम तयार असतो. आपली महिला लीग 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा अंतिम फेरी दिल्लीत अडीच-तीन आठवड्यांत उरकली होती. पुढेही कित्येक वर्षं ती एकाच ठिकाणी, थोड्या दिवसांत आटोपायची. वर्षातले बाकीचे महिने सामनेच नसलेली मुलगी शिबिरात आली की प्रशिक्षकाचे पहिले आठवडे तिचा दम वाढवण्यातच जातात. घाईने भार वाढवला की मांडीचे स्नायू दुखावतात, मग पुन्हा विश्रांती. बचावफळीचं अंतर, कॉर्नरची मांडणी या गोष्टींना वेळच उरत नाही.

जुलै 2025 ची युरोतली स्वीडनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत आठवा. इंग्लंड 0-2 ने मागे. वीगमन यांनी सत्तराव्या मिनिटाला मिशेल अग्येमांग आणि बेथ मीडला उतरवलं, थोड्या वेळाने क्लोई केलीला. 79 व्या मिनिटाला केलीच्या क्रॉसवर लुसी ब्रॉन्झचं हेडर, 81 व्या मिनिटाला अग्येमांगचा गोल, मग पेनल्टींवर विजय. अग्येमांग तेव्हा 19 वर्षांची होती. तिच्या क्लबने, आर्सेनलने, तो मोसम तिला ब्रायटन क्लबकडे पाठवलं होतं, सामने मिळावेत म्हणून! तो बदल वीगमन यांचा, पण राखीव बाकावर अशी मुलगी तयार बसली होती ती क्लबांमुळे.

आपल्याकडेही याचा पुरावा आहे. 2023-24 मध्ये महिला लीग पहिल्यांदा घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळली गेली, सात संघ, प्रत्येकी 12 सामने. ओडिशा एफसी जिंकली, प्रशिक्षक होते क्रिस्पिन छेत्री. पुढच्याच वर्षी त्यांच्याच हाताखाली भारतीय संघाने चियांग माईत थायलंडला 2-1 हरवून 2026 च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची भारताची ही पहिलीच वेळ.

म्हणून वाद घालायचाच तर लीगवर घाला. किमान सहा-सात महिन्यांचा मोसम, प्रत्येक संघाला वीसेक सामने, आणि मुख्य प्रशिक्षक बदलला तरी साहाय्यक तेच. 2022 चा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. कोविडमुळे तैवानविरुद्ध तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत आणि भारताला माघार घ्यावी लागली, त्याची हळहळ महाराष्ट्रात अजून आहे. पण 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही मोसमांत महिला लीगच्या वरच्या श्रेणीत महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता. आणि मेमोल रॉकींच्या गोव्याचाही नव्हता.