"पाणी मारा, पाणी मारा!"

मागच्या आठवड्यात पहाटे सहाला, नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या गेटसमोर एका टेम्पोची डिझेलची टाकी फुटली. गतिरोधकाला खालून घासली म्हणे. दूध आणायला निघालेल्या दोन बाइक सटासट घसरल्या, गर्दी जमली आणि सगळ्यांचा एकच सल्ला सुरू झाला. पाणी मारा! आमच्या सेक्रेटरींनी वॉचमनला पाइप जोडायलाही लावला.

तेवढ्यात पालिकेचे चौघे आले. त्यांच्या मुकादमाने डिझेलकडे धड पाहिलंही नाही. आधी उताराच्या दिशेने चालत गेला, कडेच्या पावसाळी गटाराची जाळी शोधली आणि तिच्याभोवती मातीच्या गोण्या रचायला लावल्या. एक गोणी कमी पडली, तिथे स्वतः बसून हातांनी मातीचा बांध थापला. मग पाइपवाल्याला म्हणाला, "दादा, नळ बंद करा. पाण्याने डिझेल संपत नाही, फक्त तुमच्या दारातून पुढे जातं."

मग डिझेलवर माती आणि लाकडाचा भुसा पसरला, मुरू दिला, झाडूने ओढला, पुन्हा भुसा टाकला. ती काळी, चिकट माती गोण्यांत भरून वेगळी ठेवली, कचऱ्याच्या गाडीत टाकली नाही. चौघांत मिळून हातमोज्यांचा एकच जोड होता आणि तोही फाटका. यावर ठेकेदाराला कोण विचारणार, हा प्रश्न मी तिथेच मनात गिळला.

आता मूळ मुद्दा. संडास-मोरीचं पाणी मलनिःसारण वाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्त्याकडेच्या जाळीत पडलेलं पाणी मात्र कुठेही शुद्ध होत नाही. सिडको या सरकारी कंपनीने खाजणात भराव घालून हे शहर वसवलं तेव्हा धारण तलाव बांधले. भरतीला दरवाजे बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला खाडीत उतरतं. त्याच पाण्यावर डिझेलचा तवंग असला तर तोही खाडीतच उतरणार. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला. फ्लेमिंगोंचे फोटो आपण स्टेटसला लावतो, पण निवट्या नि चिंबोऱ्या धरणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्याला तेल लागलं तर त्याची बातमी होत नाही. साबण टाकून धुणं तर आणखी वाईट. तेल सुटं होऊन पाण्यात मिसळतं, मग वरून टिपूनही घेता येत नाही.

काम आटोपल्यावर टपरीवर चहा घेताना मुकादम खुलला. म्हणाला, सांडलेलं दिसतं तरी, चोरून सोडलेलं शोधणं हा खरा ताप. त्याची खूण साधी आहे. उन्हाळ्यात पावसाळी गटार कोरडं असायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये ते वाहत असेल, तर वर कुठेतरी कुणीतरी काहीतरी सोडतंय. मग एकेक चेंबर उघडत उलट्या दिशेने जायचं. या चेंबरात वास आहे, पुढच्यात नाही, म्हणजे गडबड या दोघांच्या मध्ये. कधी गॅरेजचं जळकं ऑइल निघतं, कधी हॉटेलचं तुपकट पाणी, तर कधी एखाद्या इमारतीची संडासाची लाइन बिनदिक्कत पावसाळी गटाराला जोडलेली. संशय आला की संडासात रंग टाकून बघायचं, तो कुठे निघतो ते. उघडलेल्या चेंबरात लगेच डोकं घालायचं नाही, आतल्या वायूने माणूस जागीच कोसळतो.

रसायनाचे टँकर बहुतेक रात्रीच रिकामे होतात. २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत असंच रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वास घेता येईना. सकाळी माणसं पोचेपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं, मग नमुना कशाचा घेणार? वर नाला कुणाच्या हद्दीत यावर फोन फिरत राहतात. मी स्वतः एकदा फेसाळ नाल्याची तक्रार केली होती. तीन ठिकाणी "आमच्याकडे येत नाही" ऐकलं आणि चौथ्या दिवशी फेसच उरला नाही. तक्रार 'निकाली' निघाल्याचा मेसेज मात्र आला! म्हणून मला वाटतं, पहिला अर्धा तास ज्यांच्या हातात असतो त्या या माणसांच्या गाडीत भुसा, गोण्या, मोजे आणि नमुन्याच्या बाटल्या कायम असायला हव्यात.

परवा संध्याकाळी खाली उतरलो. आमच्या बिल्डिंगचं रंगकाम चालू आहे. पेंटर त्याच जाळीवर बसून ब्रश नि बादल्या धूत होता, खाली दुधासारखं पांढरं पाणी चाललं होतं. सेक्रेटरी शेजारीच उभे. म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, "काही नाही हो, वॉटर-बेस्ड आहे. पाणीच ते."