मिरचीवर पहारा

एप्रिल लागला की कोल्हापुरात कुणी कुणाची ख्यालीखुशाली विचारत नाही. ‘चटणी झाली काय?’ एवढंच विचारतात. वर्षाची कांदा-लसूण चटणी डब्यात पडेपर्यंत माणसाला दुसरं काही होऊच शकत नाही, असा इथला समज आहे.

आमच्या आईची चटणी गल्लीत नावाजलेली. कारण एकच, तिचा कुणावरही विश्वास नाही. लक्ष्मीपुरीत दुकानदार ‘अस्सल ब्याडगी’ म्हणाला की ती मिरची कानाशी नेऊन हलवते, आतल्या बिया वाजल्या की मधोमध मोडते, वास घेते आणि तोंड वाकडं करून ‘बरी हाय’ म्हणते. बरी म्हणजे उत्तम. पण तसं बोललं तर भाव चढतो. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि जाळ काढायला लवंगी, हे सगळ्यांना तोंडपाठ. भांडणं प्रमाणावरून. किलोला लसूण पाव किलो की अर्धा, या मुद्द्यावर गल्लीतल्या दोन घरांचं एकमेकांच्या हळदीकुंकवाला जाणं बंद आहे.

मग देठं खुडायची. यंदा या कामाला पुण्याहून दाजी सापडले. आईनं तेलाची वाटी पुढं केली, ‘आधी हाताला लावा.’ दाजी शिकलेले, ते कशाला ऐकतील? पहिल्या ढिगातच चष्मा सारून डोळा चोळला आणि नळाखाली जाऊन उभे राहिले. पाण्यानं काय होणार! मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते तेलातुपात विरघळतं. ही माहितीसुद्धा दाजींनीच दिली, नळाखालून. पुढं असंही सांगितलं, की कॅप्सेसिनमुळं आपल्या नसांना खरोखरच चटका बसल्यासारखं वाटतं, आणि ते नेमकं कसं, हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं.

‘मग त्यांनीबी तेल लावलं नसणार,’ आई म्हणाली.

वाळवणाचा पहारा माझ्याकडं. मिरची मुठीत दाबली की कडकड वाजली पाहिजे. ओल राहिली तर डंखात, म्हणजे चटणी कुटायच्या यंत्रात, तिचा लगदा होतो, आणि बरणीत गेली तर बुरशी धरते. शेजारी खाटेवर उभा चिरलेला कांदा वाळत असतो. सकाळी ऊन असं, की गच्चीवर पाय ठेववत नाही. आणि दुपारचा चहा कपात ओतला रे ओतला की वळीव हजर. खालून आई ओरडते, ‘ढग बघ की रं!’ जसं काही ढग मीच बोलावले. चार जुन्या साड्यांची टोकं एकट्यानं एकदम गोळा करून जिना उतरायची कला कुठल्याच तालमीत शिकवत नाहीत.

भाजण्याबद्दल काय सांगू. धने, तीळ, खसखस, खोबरं इथवर घरात सुगंध असतो. लवंगी कढईत पडली की घर रिकामं.

खरी कसोटी डंखावर. बाहेर डब्यांची रांग, आत लोखंडी मुसळं धाडधाड आपटताहेत आणि नाकाला फडकं बांधलेला, भुवयांपासून पायाच्या नखापर्यंत लाल झालेला डंखवाला. मिक्सरला चटणी तापते आणि वास उडतो, म्हणून डंखच पाहिजे. पण डंखात आधीच्या गिऱ्हाइकाची चटणी थोडीफार राहतेच, आणि आईचा जीव अडकतो तो तिथं. ‘आधीचा डबा कुणाचा हुता?’ अशी चौकशी तिनं केली. मुलीच्या स्थळाचीसुद्धा इतकी केली नव्हती. समाधान होईना, म्हणून आम्ही मागच्या बाईंना पुढं सोडलं. त्यांचा डबा उघडा दिसल्यावर आईला वाटलं, आधीचीच बरी होती.

शेवटी आमचा नंबर लागला. मिरची, मसाला, चाळण, वर उरलेलं जाड पुन्हा डंखात, आणि सरतेशेवटी तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, मीठ. सगळ्या बायका बाहेर शिंकत होत्या. आई आत, मुसळापासून हातभर अंतरावर, डोळ्यांतून धारा. पण नजर डंखवाल्याच्या हातावर. त्यानं मुठीत काही मागं ठेवू नये म्हणून.

घरी आल्यावर बरणीत चटणी दाबून भरली, वर हिंगाचे खडे ठेवले, दादरा बांधला. तोवर शेजारच्या काकी त्यांच्या चटणीची वाटी घेऊन आल्या. ‘रंग काय आलाय ओ!’ आईनं तोंडभरून कौतुक केलं. काकी जिना उतरल्या आणि वाटीला बोट लागलं.

‘धनेच धने घातल्यात.’

रात्रीच्या आमटीत मात्र तीच पडली. आमची अजून मुरायची होती.